पिशवी काढणे हा पाठपुराव्याला पर्याय नव्हे

गर्भाशयातल्या दुर्मीळ गाठीवर उपचार घेणारी तरुण स्त्री पुन्हा तपासणीला येईल याची खात्री नाही, तेव्हा पिशवीच काढून टाकलेली बरी, हा विचार आपल्याकडच्या वैद्यकीय व्यवहारात इतका मुरला आहे की तो एक निर्णय आहे, याचेही भान राहत नाही. असा विचार करणारे डॉक्टर बेपर्वा असतात, असे मी मानत नाही. अहेरीहून किंवा बालाघाटच्या बाजूने नागपूरला आलेली, घरी लहान मूल किंवा धानाची रोवणी सोडून आलेली, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवून आलेली स्त्री दर आठवड्याला एका रक्तचाचणीसाठी पुन्हा हा प्रवास करील, अशी अपेक्षा धरणे अवघड असते, आणि अशा रुग्ण हरवल्याचे अनुभव त्या डॉक्टरांच्या गाठीशी असतात. तरीही हा विचार चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पाठपुरावा करणे ही व्यवस्थेची जबाबदारी होती. ती पार पाडता येत नाही म्हणून आपण त्या स्त्रीचा अवयव घेतो, आणि ज्या सुरक्षिततेसाठी तो घेतो तीही तिला पुरती मिळत नाही. विदर्भापुरते बोलायचे तर ही जबाबदारी उचलण्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे काही नागपुरात आज उपलब्ध आहे, म्हणून हा प्रश्न अधिक टोचतो.

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो द्राक्षगर्भात. गर्भधारणा होते, पाळी चुकते, उलट्या नेहमीपेक्षा जास्त होतात, पण गर्भाशयात बाळ वाढण्याऐवजी वारेच्या पेशी बेसुमार वाढतात आणि द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड तयार होतात. पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा आईच्या बीजाचे केंद्रकीय गुणसूत्र उरलेलेच नसते. सगळी गुणसूत्रे बापाकडून आलेली असतात. ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण घरात दोष मात्र बाईच्या पोटाला दिला जातो. दर हजार गर्भारपणांमागे साधारण एक ते तीन असे याचे प्रमाण सांगितले जाते. गर्भाशय आतून रिकामे केले की बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. परंतु पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के आणि अपूर्ण द्राक्षगर्भ झालेल्यांपैकी १ ते ५ टक्के स्त्रियांमध्ये या पेशी मागे राहतात, पुन्हा वाढू लागतात, गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि काही वेळा फुप्फुसापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचतात. त्यातला सर्वांत आक्रमक प्रकार म्हणजे कोरिओकार्सिनोमा. तो द्राक्षगर्भानंतर होतो, गर्भपातानंतर होतो, आणि अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही होऊ शकतो.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो लपून राहू शकत नाही. वारेच्या पेशी जिथे असतील तिथे एचसीजी हे संप्रेरक स्रवतात आणि रक्तातली त्याची पातळी रोगाचा चढउतार कोणत्याही स्कॅनपेक्षा आधी सांगते. गर्भाशय रिकामे केल्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी ही पातळी मोजावी, ती सामान्य झाल्यावर पूर्ण द्राक्षगर्भासाठी पुढे सहा महिने दरमहा मोजावी, अपूर्ण द्राक्षगर्भासाठी महिनाभराने एकदा खातरजमा करावी, अशी आज सर्वमान्य पद्धत आहे. पातळी उतरण्याऐवजी अडली किंवा वाढली तर केमोथेरपी सुरू करायची. तुकडा काढून तपासण्याचीही बहुधा गरज पडत नाही. किंबहुना या गाठी रक्ताने इतक्या भरलेल्या असतात की तुकडा काढणे धोक्याचे ठरू शकते. थोडक्यात, साध्या प्रयोगशाळेत होणाऱ्या एका चाचणीवर सगळा उपचार उभा आहे.

या आकड्याचे महत्त्व वैद्यकाला फार आधी कळले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वापरून पसरलेला कोरिओकार्सिनोमा नाहीसा करून दाखवला. शरीरात पसरलेली घन गाठ केवळ औषधाने बरी होण्याची ती पहिली घटना मानली जाते. गाठी दिसेनाशा झाल्या तरी संप्रेरकाची पातळी सामान्य होईपर्यंत औषध चालू ठेवायचे, हा ली यांचा आग्रह त्यांच्या वरिष्ठांना अनाठायी वाटला आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे तोच आग्रह योग्य ठरला आणि १९७२ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीच्या लास्कर पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. ज्या औषधाने हे घडले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या संशोधकाच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत झालेल्या कामातून आले होते. आजही ते स्वस्त औषध आहे आणि आपल्या सरकारी रुग्णालयांच्या औषधसूचीतले आहे. औषध जुने, चाचणी जुनी, ज्ञान सत्तर वर्षांचे. असे असताना पिशवी वाचवणे ही एखादी आधुनिक चैन आहे असा सूर लागतो, तेव्हा आश्चर्य वाटते.

आता परिणामांकडे पाहू. रोगाची जोखीम मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय गुणांकनपद्धतीनुसार ज्यांचे गुण ० ते ६ च्या दरम्यान येतात त्या कमी जोखमीच्या गटातल्या जवळजवळ सर्व स्त्रिया बऱ्या होतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन यांपैकी एखादे औषध पुरते. सात किंवा अधिक गुण असणाऱ्यांना अनेक औषधांची केमो लागते. फुप्फुसात गाठी असूनही त्यांच्यातल्या मोठ्या बहुसंख्येला रोगमुक्ती मिळते. त्यानंतर मूल होते का, हा प्रश्न त्या स्त्रीला पहिल्याच दिवशी पडलेला असतो, जरी तो तिच्या आधी तिची सासू विचारते. उत्तर दिलासा देणारे आहे. मोठ्या केंद्रांचा दीर्घ अनुभव असा की केमोनंतर मूल हवे असणाऱ्या बहुतेक स्त्रियांना गर्भ राहतो, आणि बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले आढळत नाही. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एक एवढीच असते. केमो संपल्यावर वर्षभर गर्भधारणा टाळण्यास सांगतात, त्याचे मुख्य कारण असे की नव्या गर्भामुळे एचसीजी वाढली तर रोग परतला की गर्भ राहिला हे चाचणीवरून कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या या काळात चालतात. तांबी मात्र पातळी सामान्य होईपर्यंत बसवू नये.

दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या अनुभवानुसार अनेक औषधांच्या केमोनंतर पाळी जाण्याचे वय सुमारे तीन वर्षांनी, तर एका औषधाच्या उपचारानंतर सुमारे एका वर्षाने अलीकडे येते. भारतीय स्त्रियांची पाळी मुळातच सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते. तेव्हा इथे ही तीन वर्षे अधिक महाग पडतात, विशेषतः आजार पस्तिशीत झाला असेल आणि दुसऱ्या मुलाचा विचार पुढे ढकलला जात असेल तर. शिवाय पुढच्या प्रत्येक गर्भारपणाची पहिली सोनोग्राफी होईपर्यंतची धास्ती असते. ती कोणत्याही चाचणीत मोजली जात नाही, पण अशा स्त्रियांशी पाच मिनिटे बोलणाऱ्याला ती लगेच जाणवते.

या पार्श्वभूमीवर पिशवी काढण्याचा मार्ग तपासू. ज्या स्त्रीचे वय चाळिशीच्या पुढे आहे, जिला आणखी मूल नको आहे आणि जिने समजून-उमजून तो पर्याय मागितला आहे, तिच्यासाठी तो योग्य असू शकतो. वाढत्या वयात द्राक्षगर्भानंतर रोग उरण्याची शक्यता अधिक असतेच. परंतु पिशवी काढली म्हणजे पाठपुराव्याची गरज संपली, ही समजूत निखालस चुकीची आहे. पिशवीतच असलेल्या पेशी शस्त्रक्रियेने जातात, पण त्याआधी रक्तावाटे बाहेर पडलेल्या पेशी जात नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतरही साधारण ३ ते ५ टक्के स्त्रियांना केमो लागते. म्हणजे परत येणार नाही म्हणून जिची पिशवी काढली, तिला परत येण्याची गरज उरलेलीच असते. फरक इतकाच की आता ती आणि तिचे घरचे सगळे ‘ऑपरेशन झाले, विषय संपला’ अशा समजुतीत असतात, आणि पाळीच येत नसल्याने अनियमित रक्तस्रावासारखी धोक्याची खूणही सहज दिसत नाही. हीच गत सरसकट आधीच केमो देऊन टाकण्याच्या पद्धतीची. तिने उरलेल्या रोगाचे प्रमाण कमी होते, हे खरे. पण ज्या ऐंशी टक्क्यांना काहीच लागणार नव्हते त्यांनाही औषधाचे दुष्परिणाम सोसावे लागतात, आणि ज्यांचा रोग तरीही उरतो त्यांच्यात तो औषधाला दाद न देण्याची भीती राहते. दोन्ही पळवाटा एकाच गैरसमजावर उभ्या आहेत: रुग्ण हातात आहे तोवर जे काही करायचे ते उरकून घ्यावे.

महाराष्ट्राला या ‘उरकून घेण्या’ची किंमत माहीत असायला हवी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे समोर आले. तिथली कारणे वेगळी होती, तिथे मुकादमाची उचल होती, गैरहजेरीचे खाडे होते, पाळीतल्या कामाचे हाल होते. पण एक धागा समान आहे: बाईला वेळ नाही, तेव्हा अवयव काढून प्रश्न मिटवावा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. त्या सूचना प्रामुख्याने पांढरे जाणे, अतिरक्तस्राव, साध्या फायब्रॉइडच्या गाठी अशा कारणांसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांचा विचार करतात. दुर्मीळ गाठ म्हटली की मात्र ‘कॅन्सरचा धोका’ या दोन शब्दांपुढे कोणी प्रश्न विचारत नाही, आणि शस्त्रक्रिया आपोआप आवश्यक ठरते.

पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर नुकसान आणखी वाढते. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, आणि शेतात ओझी वाहणाऱ्या बाईच्या बाबतीत मणक्याचे हाड दबणे म्हणजे रोजगार जाणे होय. शिवाय अंडाशये राहिली असती तर स्वतःच्या बीजापासून सरोगसीचा मार्ग निदान कायद्यापुरता उघडा राहिला असता. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार वैद्यकीय कारण असलेल्या दांपत्याला तो मार्ग मिळू शकतो, पण व्यावसायिक सरोगसी बंद असल्याने स्वखुशीने तयार होणारी, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वयाची स्त्री शोधावी लागते, तिचा ३६ महिन्यांचा विमा काढावा लागतो, वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. चंद्रपूरच्या खाणकामगाराच्या किंवा भंडाऱ्याच्या छोट्या शेतकऱ्याच्या घरात हे कितपत घडेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. पुण्यात २०१७ मध्ये देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले आणि पुढच्या वर्षी त्यातून बाळही जन्मले. ते कौतुकास्पद आहे, पण वाचवता आले असते ते गर्भाशय काढायचे आणि मग प्रत्यारोपणाच्या बातम्या वाचायच्या, याला आरोग्यधोरण म्हणता येणार नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवतो, कारण माझ्या म्हणण्याचा विपर्यास होणे सोपे आहे. गर्भाशयाची प्रत्येक दुर्मीळ गाठ पिशवी राखून बरी होते, असे अजिबात नाही. वार जिथे चिकटते त्या जागी उद्भवणारी एक विशिष्ट गाठ केमोला फारशी दाद देत नाही आणि तिच्यावर पिशवी काढणे हाच मुख्य उपचार आहे. गर्भाशयाच्या स्नायूंपासून होणारा लिओमायोसार्कोमा हा कर्करोग इतका आक्रमक असतो की तिथे वेळ दवडणे घातक ठरते. गर्भाशयाच्या अस्तराखालच्या ऊतीचा मंदगती सार्कोमा तुलनेने तरुण स्त्रियांना होतो, पण तो दहा-वीस वर्षांनीही परततो आणि इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकावर पोसला जातो, म्हणून तिथे पिशवी राखण्याचा विचार निवडक रुग्णांत, अनुभवी केंद्रातच आणि धोका पूर्ण सांगूनच करावा लागतो. काही स्नायुगाठी अशा असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या साध्या की घातक हे ठामपणे ठरवता येत नाही. अशा गाठीपुरती शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पिशवी राखून वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हा एक मान्य मार्ग आहे. उलट टोकाचा धडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दिला आहे. साधी फायब्रॉइडची गाठ समजून ती पोटातच यंत्राने बारीक करून बाहेर काढताना आत लपलेला सार्कोमा पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला आणि अशा शस्त्रक्रियांमध्ये साधारण ३५० स्त्रियांमागे एकीत असा लपलेला सार्कोमा असू शकतो, असा अंदाज त्या वेळी मांडला. पुढे हा अंदाज जास्त असल्याचे मत अनेकांनी व्यक्त केले, तरी गाठ बंद थैलीत ठेवूनच बारीक करावी ही दक्षता टिकून राहिली. या सगळ्या गाठींना एकच नियम लावता येत नाही, म्हणूनच निर्णय गाठीच्या जातीवरून व्हावा, बाई कुठल्या गावाहून आली आहे यावरून नको, एवढेच मी म्हणतो.

गाठीची जात कळायची तर काढलेली ऊती पॅथॉलॉजीकडे जायला हवी, आणि आपल्याकडची पहिली गळती इथेच होते. गर्भपातानंतर क्युरेटिंग करून, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून, काढलेली ऊती तपासणीला न पाठवता टाकून देण्याची सवय लहान रुग्णालयांत जुनी आहे. गोळ्या घेऊन घरीच होणाऱ्या गर्भपातात तर, आधी सोनोग्राफी झालेली नसेल तर, द्राक्षगर्भ होता की काय हे कळण्याचा मार्गच उरत नाही. आरंभीच्या आठवड्यांत फोड डोळ्यांना दिसतीलच असेही नसते. पूर्ण आणि अपूर्ण द्राक्षगर्भातला फरक ऊती रंगवून पाहण्याच्या पी५७ नावाच्या एका चाचणीने बऱ्याच अंशी स्पष्ट होतो, आणि त्या फरकावर पुढचे सहा महिने की एक महिना हे ठरते. ऊती तपासलीच गेली नाही, तर मग महिने जातात, रक्तस्राव थांबत नाही, खोकल्यातून रक्त पडते, छातीच्या क्ष-किरणात गोळे दिसतात आणि क्षयाची औषधे सुरू होतात. कोरिओकार्सिनोमाचे निदान असे क्षयाच्या पडद्याआड राहिल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. मूल होण्याच्या वयातल्या कोणत्याही स्त्रीला उलगडा न होणारा रक्तस्राव असेल किंवा फुप्फुसात गाठी दिसत असतील तर आधी एचसीजी तपासावे, हा नियम काही रुपयांचा आहे. (लघवीच्या पट्टीवर मात्र विसंबू नये, पातळी अतोनात वाढली की पट्टी उलट फिकट किंवा कोरी येऊ शकते.)

दुसरी गळती कार्यालयीन आहे. गर्भवतीची नोंद माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमात होते, आशाताई तिच्या घरी जाते, तपासण्यांच्या तारखा लागतात. गर्भ राहिला नाही की तो कार्यक्रम तिला सोडून देतो, कारण त्याच्या दृष्टीने गर्भारपण संपले. कर्करोग कार्यक्रम तिला अजून हातात घेत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कर्करोग सुरूच झालेला नाही. नेमके या मधल्या सहा महिन्यांतच तिच्यावर लक्ष ठेवण्याची सर्वांत जास्त गरज असते. नागपूर शहराची लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९८० पासूनची आहे आणि शेजारी वर्धा जिल्ह्यातही अशी नोंदणी चालते, ही विदर्भाची जमेची बाजू. पण कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात द्राक्षगर्भ हा सौम्य, भिंतीत शिरलेला द्राक्षगर्भ अनिश्चित आणि फक्त कोरिओकार्सिनोमा घातक अशा तीन वेगळ्या खुणांनी नोंदला जातो, आणि अशा नोंदण्यांचा भर साहजिकच घातक गाठींवर असतो. त्यातही त्या रोग झाला केव्हा आणि मृत्यू झाला का, हे विचारतात. पुढे मूल झाले का, पाळी केव्हा गेली, नवऱ्याने नांदवले का, हे विचारण्यासाठी त्या बनलेल्याच नाहीत.

ब्रिटनने हा प्रश्न १९७३ मध्ये सोडवायला घेतला. तेव्हापासून तिथे द्राक्षगर्भाच्या प्रत्येक रुग्णाची मध्यवर्ती नोंद होते, आणि लंडन, शेफील्ड व डंडी अशा तीनच केंद्रांतून सगळा पाठपुरावा चालतो. केंद्र लांब असल्याने रुग्ण हरवत नाही, कारण प्रवास रुग्ण करीत नाही. तिच्या रक्ताचा आणि लघवीचा नमुना टपालाने जातो आणि उत्तर घरी येते. उपचाराची गरज पडली तरच तिला केंद्रात बोलावतात. दुर्मीळ आजाराचे तज्ज्ञ गावोगावी असू शकत नाहीत, म्हणून ज्ञान एका ठिकाणी साठवायचे आणि नमुने तिथे पोहोचवायचे, एवढी साधी युक्ती त्यात आहे. उपचारानंतरच्या मातृत्वाविषयी आणि पाळी जाण्याविषयी वर जे दाखले मी दिले, त्यांतले बरेचसे याच नोंदवह्यांतून आलेले आहेत. ज्यांनी नोंद ठेवली त्यांच्याच स्त्रियांना डॉक्टर खात्रीने काही सांगू शकतात.

नागपूरचे स्थान पाहिले तर असे केंद्र इथे होणे स्वाभाविक आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय महाविद्यालये, केवळ स्त्रियांसाठीचे डागा रुग्णालय, मिहानमधले एम्स, तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची कर्करोग संस्था एवढ्या जागा एका शहरात आहेत, आणि विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्णही इथेच येतात. गडचिरोली शहर इथून सुमारे १७० किलोमीटर दूर आहे आणि सिरोंचा त्याच्या दुपटीहून लांब. तिथल्या स्त्रीला आठवड्याला बोलावणे म्हणजे तिला न येण्यास सांगणेच आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याची महालॅबची व्यवस्था राज्यात २०१७ पासून चालू आहे. गाडी जाते, पेटी जाते, अहवाल परत येतो. द्राक्षगर्भाच्या स्त्रीची एचसीजी चाचणी याच वाटेने, ठरलेल्या तारखांना आणि प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने व्हावी, म्हणजे आकड्यांची तुलना खरी होईल. नागपुरातल्या एका संस्थेने ही तारखांची वही सांभाळावी, तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी तिथून आशाताईला फोन जावा, आणि शंकास्पद ऊती पुन्हा पाहण्यासाठी एखादी अनुभवी पॅथॉलॉजिस्ट नेमलेली असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची बांधणी मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. दाखल न होता महिन्याकाठी रक्त देणाऱ्या स्त्रीच्या या मालिकेला तिच्यात निश्चित जागा द्यावी, इतकी धोरणात्मक दुरुस्ती पुरेशी आहे. शस्त्रक्रिया, भूल, रक्त आणि आठवडाभराची खाट यांच्या खर्चापुढे या चाचण्यांचा खर्च किरकोळ ठरेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्राधान्याचा. विदर्भात सिकलसेल आहे, तोंडाचा कर्करोग आहे, गर्भवतींचा रक्तक्षय आहे. मूठभर स्त्रियांसाठी वेगळी यंत्रणा कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच नवी इमारत किंवा नवा विभाग मागत नाही. दुर्मीळ आजाराला पैसा कमी लागतो, शिस्त जास्त लागते. शिवाय ज्या आजारात वेळेवर मोजणी केली तर जवळजवळ प्रत्येक तरुण स्त्री वाचते आणि मोजणी चुकली तर ती मेंदूत पसरलेला कर्करोग घेऊन येते, तो आजार संख्येने लहान आहे म्हणून मागे ठेवणे हा हिशेबही कच्चाच आहे.

दुसरा आक्षेप खासगी डॉक्टरांकडून येऊ शकतो: रुग्ण केंद्राकडे कळवला म्हणजे तो आपल्या हातून गेला. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून नोंदणी म्हणजे रुग्ण काढून घेणे नव्हे हे कागदावर स्पष्ट असावे. उपचार मूळ डॉक्टरांनीच करावेत, केंद्राने तारखा आणि सल्ला सांभाळावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो खासगीपणाचा. लहान गावात ‘हिच्या पोटात द्राक्षे झाली होती’ ही माहिती फुटली तर त्या स्त्रीचे नांदणे धोक्यात येऊ शकते, आणि ‘केमो घेतली’ हे शब्द तर त्याहून जड. तेव्हा आशाताईला फक्त ‘अमुक तारखेला रक्ताचा नमुना’ एवढेच दिसावे, आजाराचे निदान दिसू नये; नोंद नावाऐवजी क्रमांकाने चालावी; आणि पाच-दहा वर्षांनी मातृत्व, पाळी, हाडे, मनःस्थिती यांविषयी विचारायला फोन करायचा तर त्याची परवानगी आणि सोयीचा फोन क्रमांक त्या स्त्रीकडूनच आधी घेतलेला असावा, कारण घरातला एकमेव फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो.

संमतीचा मुद्दा शस्त्रक्रियेलाही तितकाच लागू आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशये तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल देताना स्पष्ट केले की जिवावरचे तातडीचे संकट नसेल तर सज्ञान रुग्णाच्या स्वतःच्या संमतीची जागा नातेवाइकाची संमती घेऊ शकत नाही. तरीही रुग्णालयांच्या छापील अर्जावर नवऱ्याच्या सहीची ओळ आजही ठळक असते, आणि ‘पिशवी न काढता उपचार शक्य आहेत, त्यासाठी इतक्या महिन्यांत इतक्या चाचण्या लागतील’ हे सांगितल्याची ओळ शोधून सापडत नाही. दुर्मीळ गाठीच्या प्रत्येक रुग्णासाठी ही दुसरी ओळ संमतीपत्रात घालावी आणि तिच्याखाली त्या स्त्रीची, आणि ज्यांनी ते समजावले त्या डॉक्टरांची, सही असावी. हे करण्यासाठी नागपुरातल्या कोणत्याही अधिष्ठात्यांना मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.